मागच्या पायरीवरचा तांब्या

बसा सरकून. तो बाळा दात काढायचा थांबला की सांगतो. महिपत आमच्या शेजारचा, मुंबईला गोदीत कामाला. थापा मारणाऱ्यातला नव्हे.

साल चौऱ्याऐंशी. चैत्रातली अवस, सोमवारची रात्र. बायको बाळंतपणाला माहेरी, म्हणून पाच वर्षांच्या चिमाला आपल्या आईकडे पोचवायला निघालेला. पावसला पूर्णगडची शेवटची एसटी चुकली आणि पोर तापाने फणफणली. कोणीतरी खोतांचं घर दाखवलं. आंबा-नारळाची मोठी बाग, मध्ये चिऱ्याचं जुनं घर. खोती गेल्यावर यमुनाबाई आणि तिचे मुलगे तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय करीत.

यमुनाबाईने पोरीला पेज भरवली, मागच्या पडवीलगतची खोली दिली. "डॉक्टर आता सकाळीच मिळेल हो. आणि रात्री मागचं दार उघडू नका," म्हणाली नि गेली झोपायला.

मध्यरात्री चिमा पाणी पाणी करू लागली. खोलीतलं पाणी संपलेलं. बापच तो, पोर तळमळताना कसली सूचना नि कसलं काय! मागचं दार उघडलं. पायरीवर भरला तांब्या, शेजारी गुळाचा खडा. पाहुण्याला गूळपाणी ठेवायची आपली रीतच. त्याला वाटलं, आपल्यासाठीच ठेवलंय. सगळं पाणी पोरीला पाजलं, रिकामा तांब्या पायरीवर ठेवला आणि दाराला कडी घातली.

जरा वेळाने विहिरीवरचा रहाट कुरकुरला.

मग पायरीवर तांब्या वाजला.

"माझा पाणी कोणी घेतलान?"

म्हातारीचा आवाज. दाराला अगदी लागून.

महिपतची बोबडी वळली. "आजी... पोरीला ताप हो... एकच पोर माझी... तिला काही करू नका..."



कडी आपसूक निघाली.

ओली पावलं आत आली. अंथरुणाशी थांबली. महिपतला मान वळवता येईना. पोरीच्या अंगावर पडावं म्हणतोय, तर हातपाय हलत नाहीत...

"गार वाटतंय," चिमा झोपेत म्हणाली.

मग... काही नाही.

उजाडलं तेव्हा पोरीचा ताप उतरलेला. कपाळावर लाल कापडाची ओली पट्टी. महिपतने रात्रीचं सगळं सांगितलं, तशी यमुनाबाईने ती पट्टी हातात घेऊन निरखली.

"तांब्या सासूबाईंचा हो. आनंदीबाईंचा. तापात पाणी पाणी करीत गेल्या. घरात लग्नाची गडबड, कोणी लक्षच दिलं नाही. तेव्हापासून रोज भरून ठेवते."

माळ्यावरची सासूची पेटी तिने खाली काढवली. कुलूप इतकं गंजलेलं की दगडाने फोडावं लागलं.

आत विधवेचं लाल लुगडं, आलवण, घडी घातलेलं. एका काठाला पट्टी फाडलेली.

तेवढा काठ ओला होता.