पायरीवरचा कवडसा

गल्लीतून एक आरसा चालत येत होता आणि त्या आरशात एक मुलगी जिवाच्या आकांतानं धावत होती.

केसांत कंगवा खोचलेला, अंगात सलूनचा काळा एप्रन, हातात उघडी कात्री. ही कोण बया, असं तिच्या मनात आलं आणि मग लक्षात आलं, की ती आपणच. ती स्वतःवरच जाऊन आदळणार, तेवढ्यात आरशाखालच्या दोन पायांनी बाजूला उडी घेतली.

"आधी कात्री खाली करा," आरशामागून आवाज आला. "मग काय ते भांडा."

भांडायला तिला वेळच नव्हता. ती तशीच घरापर्यंत गेली. दारातल्या तीन पायऱ्या रिकाम्या होत्या. बाजूला खुर्चीत आई शेंगा सोलत बसली होती. आज लवकर कशी आलीस, असं विचारता विचारता तिची नजर कात्रीवर गेली.

याच पायऱ्यांवरून आई मागे एकदा घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं, आणि कोणी येईपर्यंत ती तिथंच पडून राहिली. मुलगी तेव्हा सलूनमध्ये कुणाचे तरी केस कापत होती, तिला पत्ताच नव्हता. त्यानंतर तिनं दारावर कॅमेरा बसवला. पायऱ्यांवर काही हललं, की तिच्या खिशातला फोन थरथरायचा. सुरुवातीला त्याचा आधार वाटला. पण गेले काही दिवस तो दुपारभर थरथरत होता. प्रत्येक वेळी, आई पडली की काय, म्हणून कात्री अडखळायची आणि गिऱ्हाईक ओरडायचं. आज तर पडद्यावर पायऱ्यांच्या जागी नुसता पांढरा जाळ दिसला होता. हेडसरांचं अर्धं डोकं कापून झालेलं तसंच सोडून ती पळत आली होती.

ती कपाळ पुसत होती, तेव्हाच तो जाळ परत आला. उन्हाचा एक लखलखीत कवडसा पायऱ्या चढला, आईच्या शेंगांवरून गेला आणि भिंतीवर नाचू लागला. खिशातला फोन थरथरला.

तिनं वळून पाहिलं. समोर नवीनच उघडलेल्या आरशांच्या कारखान्याच्या दाराशी तो मघाचा आरसा टेम्पोत चढत होता.

ती सरळ तिथं गेली. "तुमचं ऊन आमच्या घरात येतंय," ती म्हणाली.

आरशाच्या कडेवरून एक डोकं वर आलं. केस काचेच्या भुकटीनं पांढरे झालेले, डोळे मात्र हसरे. "माफ करा," तो म्हणाला. "उन्हाला कुंपण घालायला मी अजून शिकलो नाही."

त्याच्या बोलण्याचा राग यायला हवा होता. पण तिला हसू आलं, आणि ते आरशात त्याला दिसायच्या आत लपवावं म्हणून ती पाठ फिरवून सलूनकडे पळाली. हेडसर अर्ध्या डोक्यानं वर्तमानपत्र वाचत बसले होते.

पुढं तिनं कॅमेऱ्याशी खूप झटापट केली. त्याची संवेदनशीलता कमी केली. मग आई काठी टेकत हळूहळू पायऱ्या उतरली तरी कॅमेरा ढिम्म. ते परत होतं तसं केलं. रस्ता, कुंडी, आईची खुर्ची, सगळं वगळून कॅमेऱ्याला फक्त पायऱ्या राखायला सांगितल्या, आणि कवडसा नेमका पायऱ्यांवरच यायचा. दुपारचा कॅमेरा बंद ठेवावा, तर ती घरी नसायची तीच वेळ. आणि खोट्या हाकांची सवय झाली, तर खरी हाक आली तेव्हा आपण उठणार नाही, ही भीती तिच्या मनातून जाईना.

हे तिनं आरसेवाल्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. हातातलं काम ठेवून त्यानं आईच्या पडण्याची सगळी हकिकत ऐकून घेतली. "सुट्टी कधी असते तुम्हाला?" त्यानं विचारलं. "एकदा बघूनच टाकू."

सुट्टीच्या दुपारी तो आरसा उचलून गल्लीत चालू लागला आणि ती फोन घेऊन पायरीवर उभी राहिली.

"वाजला?"

"वाजला. जरा डावीकडे."

"तुमची डावी की माझी?"

"आरशातली."

तो थांबला, विचारात पडला आणि उजवीकडे वळला. कवडसा थेट तिच्या चेहऱ्यावर आला. तिनं डोळे मिटले. तो किती तरी वेळ हललाच नाही.

"वाजतोय का?" त्याचा आवाज आला.

"वाजतोय," ती म्हणाली. तिला वाटलं, फोनच नाही, सगळंच...

शेवटी उपाय अगदी साधा निघाला. आरसा उलटा धरायचा, काच स्वतःकडे. "म्हणजे अख्खा रस्ता मी माझंच तोंड बघत जायचं?" तो म्हणाला. ती म्हणाली, बघा, तेवढीच सुधारणा झाली तर झाली. खुर्चीतून आई खुदकन हसली. त्या दिवसापासून आईनं त्याचं नाव आरसोबा ठेवलं.

आरसोबानं भिंतीला टेकवलेला माल दुसऱ्या बाजूला हलवला. पायऱ्यांवर येणाऱ्या मांजराची दुधाची वाटी मागच्या दाराशी ठेवली. एका उरलेल्या तुकड्याचा त्यानं आईला मुठीचा आरसा करून दिला, घरातल्या आरशाकडे पाठ करून अंबाडा बघता यावा म्हणून. आणि फोन गप्प झाला. कुणी खरंच पायरीवर आलं तरच वाजायचा, एरवी नाही.

आता तिला निवांत केस कापता यायला हवे होते. पण वाजत नसलेला फोन ती सारखा खिशातून काढू लागली. उघडून बघायची. कधी रिकाम्या पायऱ्या दिसायच्या. कधी आईशी गप्पा मारत बसलेला तो. एकदा त्यानं कॅमेऱ्याच्या काचेत बघून हळूच भांग सारखा केला. कॅमेऱ्यातून बोलता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"भांग उलट्या बाजूला शोभेल," तिचा आवाज दारावरून आला, आणि तो पायरीवरून घसरता घसरता वाचला.

दुसऱ्या दिवशी भांग उलट्या बाजूला होता.

असं चाललेलं असताना त्याला बोलावणं आलं. दूरच्या शहरात मोठं नाट्यगृह उभं राहत होतं. तिथले सगळे आरसे याच्याकडून हवे होते, आणि तिथंच कायमचा कारखाना थाटायला जागाही देत होते. त्यानं तिला हे सांगितलं ते दारात उभं राहून, नखानं चौकट खरवडत. मग विचारलं, "आता काही त्रास नाही ना... माझा?"

आपण काय बोलावं? मोठं काम चालून आलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं अडवायचं? "नाही," ती म्हणाली. "आता अगदी शांत आहे."

त्यानं मान हलवली आणि तो गेला. संध्याकाळी त्यानं होकार कळवून टाकला, हे तिला आईकडून कळलं.

तो निघायचा होता त्या दुपारी हेडसर पुन्हा खुर्चीत होते. एक बाजू झाली आणि फोन थरथरला. पडद्यावर पांढरा जाळ. विझला. पुन्हा पेटला. आता तर थांबेचना.

जाता जाता त्यानं आरसा सुलटा धरलाय, तिच्या मनात आलं. तो बोलावतोय. आपल्याला बोलावतोय.

"जा," आरशातून हेडसर म्हणाले. "पण या खेपेला मी पण येतो. मागच्या वेळी लोक मला काचेतून बघून जात होते."

ती धावली. कात्री हातातच होती. मागून गळ्यात पांढरं कापड बांधलेले हेडसर धापा टाकत येत होते.

टेम्पो भरून उभा होता. सगळे आरसे कांबळ्यांत गुंडाळलेले. आणि आरसोबा पुढं ड्रायव्हरशेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता, खाली मान घालून. त्यानं कुणालाच बोलावलं नव्हतं.

फोन अजून थरथरत होता. तिनं घराकडे पाहिलं. खुर्चीत आई बसली होती, हातात तो मुठीचा आरसा, आणि अगदी मन लावून पायऱ्यांवर कवडसा नाचवत होती.

"अगं, काय करतेस?"

"तुझा फोन वाजवतेय," आई म्हणाली. "तो निघाला, बये. फोन लावून सांगितलं असतं, तर तू 'बरं' म्हणून ठेवून दिला असतास."

ती टेम्पोच्या खिडकीशी गेली.

"मी शांत म्हणाले," ती म्हणाली, "ते फोनबद्दल."

"मग?"

"माझ्याबद्दल नाही. मला... मला इतकं शांत नको आहे. तो फोन वाजत नाही, तरी मी दिवसभर उघडून बघते."

"काय दिसतं त्यात?"

"तू नसलास तर काहीच नाही."

'तू' ऐकून तो खिडकीतूनच बाहेर यायला निघाला, मग दार आठवलं. "मी त्या दिवशी तेवढ्याच एका शब्दाची वाट बघत होतो," तो म्हणाला. "तू थांब म्हण, एवढंच हवं होतं."

"थांब," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. माल चढवायचा की उतरवायचा ते एकदाचं ठरवा, असं तो वैतागून म्हणाला. ठरलं असं, की आरसे पुढं जातील, तो बसवायला जाऊन परत येईल आणि कारखाना इथंच राहील. नाट्यगृहवाल्यांची जागा दुसऱ्या कुणाला मिळो. फक्त सगळ्यात मोठा एक आरसा आत्ता उतरवायचा होता, कारण हेडसर भर गल्लीत अर्ध्या डोक्यानं उभे होते आणि खिडक्या उघडायला लागल्या होत्या.

आईनं आपली खुर्ची दिली आणि काठी घेऊन चौकटीला टेकली. आरसोबानं कांबळं काढून आरसा समोर धरला. ती हेडसरांच्या मागं उभी राहून कापू लागली, पण बघत होती आरशाच्या कडेवरून वर येणाऱ्या त्या हसऱ्या डोळ्यांकडे.

"अहो, कानाकडे लक्ष असू द्या," हेडसर म्हणाले. "माझ्या."

आरसा सुलटा होता. कवडसा पायऱ्या चढून भिंतीवर गेला आणि तिथं थरथरत राहिला, कारण धरणाऱ्याचे हात थरथरत होते. तिच्या खिशात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. आई तिच्या डोळ्यांसमोर उभी होती. तिनं तो वाजू दिला.