पुढचा पूल लवकर येतो

"इथून डावीकडे वळा. पण आधी कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरा. पुढचा चढ रिकाम्या पोटाची गय करत नाही."

सकाळच्या कोवळ्या उन्हात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली, एक अनोळखी माणूस माझ्या बाबांचं वाक्य मोठ्याने वाचत होता. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात सायकलचं हँडल. वाचून झाल्यावर त्याने कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाकडे असं पाहिलं, जणू त्या दुकानाने त्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

"बेकरी बंद होऊन नऊ वर्षं झाली," मी म्हणाले.

तो दचकून वळला. "तुम्हाला कसं माहीत?"

"शेवटचे दोन पाव आम्हीच घेतले होते. बाबांनी आणि मी."

त्याची नजर माझ्या सायकलवर गेली. हिरवी, दांडीवर पोचा आलेली. मग हातातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. तीच सायकल, तोच पोचा. त्याने हेल्मेट काढलं.

"म्हणजे तुम्ही..."

"हो."

"बातमी कळली तेव्हा फार वाईट वाटलं," तो म्हणाला. गेले पाच महिने हे वाक्य मी रोज ऐकत होते; म्हणणारा लगेच घड्याळाकडे बघायचा. हा माझ्याकडेच बघत राहिला. "एकोणिसाव्या वर्षी हे पुस्तक हातात पडलं आणि मी घरातून जो निघालो... आई अजून तुमच्या बाबांना बोल लावते."

मी हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. माझं मलाच ते परकं वाटलं.

बाबांचं पुस्तक म्हणजे सायकलने करायची अकरा दिवसांची वाट. आधी शहर, मग डोंगर, शेवटी नदी. चार आवृत्त्या निघाल्या. पाचवी काढावी की नाही हे ठरवायला प्रकाशकाने या माणसाला वाट तपासायला पाठवलं होतं. पुस्तक अजून खरं असेल तर ते पुन्हा छापायचं. नसेल तर बाबांचं पुस्तक बंद, आणि त्या जागी नवं.

"नवं कोण लिहिणार?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. लपवलं नाही, खाली बघितलं नाही.

"म्हणजे चुका सापडल्या तर फायदा तुमचाच."

"म्हणून तर म्हणतोय, सोबत चला. माझ्यावर लक्ष ठेवायला."

मी तरी कुठे दुसरीकडे निघाले होते? बाबांची सायकल आणि बाबांच्या मूळ वह्या घेऊन ती वाट एकदा एकटीने करायची, एवढंच ठरवलं होतं. एकटीचं दुकटीचं झालं.

मनातल्या मनात मी त्याला तपासनीस म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी तोंडावरही म्हणाले. त्याला आवडलं असावं... कान लाल झाले.

काम करताना त्याला बघणं छान होतं. प्रत्येक वळणावर तो थांबायचा, पुस्तकातली ओळ वाचायचा, मग मागे वळून बघायचा. "उलट्या बाजूने येणाऱ्यालाही हे वळण दिसायला हवं ना?" मैलाच्या दगडावरचं शेवाळ स्वतःच्या रुमालाने पुसायचा. कुत्रं भुंकलं तर त्याला "नमस्कार" म्हणायचा. आणि प्रत्येक टप्पा दोन्ही दिशांनी मोजायचा. पुढे जायचा, परत यायचा, पुन्हा पुढे. "एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही," असं त्याचं म्हणणं. मी झाडाखाली बसून त्याच्या फेऱ्या बघायचे. तिसऱ्या दिवसापासून मीही त्याच्याबरोबर फेऱ्या मारू लागले. कारण विचारलं नाही, त्यानेही आणि मीही.

डोंगरात वह्या लागल्या. तिथे बाबांनी चढाचढाशी तीन अक्षरं लिहिली होती : उ. ला. न.

"हे काय? उंची? लांबी?"

"उतरा, लाजू नका."

तो एवढा हसला की त्याला खरंच उतरावं लागलं. सायकली हातात धरून, धुक्यातून, आम्ही तो अख्खा चढ चालत गेलो. ओल्या पानांचा वास, चाकांची कुरकुर, आणि मधेच वह्या चाळत त्याचा प्रश्न : "नदीच्या वहीतलं हे अक्षर त्यांचं नाही. सातला केवढं शेपूट!"

"माझं आहे. नदीची वाट मोजली त्या वर्षी आकडे मी लिहायचे. अकराची होते."

"तुम्हाला सोबत न्यायचे?"

"आई नव्हती. ठेवणार कुणाकडे? आत्या न्यायला तयार होती, पण मी तिच्या घरी तीन दिवसांत सगळ्यांना पळवून लावलं असतं."

"पटतं," तो गंभीरपणे म्हणाला.

रात्री त्याच आत्याचा फोन आला. "तो मुलगा बरा आहे का?"

"आत्या, तो पुस्तक तपासायला आलाय."

"असू दे की. पण तुझा आवाज आज वेणीफणी केल्यासारखा येतोय, म्हणून विचारलं."

मग नदी आली, आणि तपासनीस गप्प झाला.

पुस्तकात लिहिलं होतं, पुढचा पूल तेरा किलोमीटरवर. त्याच्या यंत्राने बारा दाखवले. परत गेला, परत आला. बारा. दुसऱ्या टप्प्यात सव्वीसच्या जागी चोवीस. त्याने कुणाला नमस्कार केला नाही, कुत्र्यांनाही नाही.

"तुमचं यंत्र बिघडलंय," मी म्हणाले.

"तुमच्या बाबांचं मीटर बघा ना."

बाबांच्या पुढच्या चाकाला एक जुनं मीटर होतं. चाक एकदा फिरलं की तारेवरची खुंटी मीटरला लागायची, टक्. तसे वर्षानुवर्षांचे टक् साठवून ते अंतर सांगायचं. मी ते दोनदा पाहिलं. तेही चोवीसच म्हणत होतं.

आम्ही पुलाच्या पायऱ्यांवर बसलो. खाली पाणी संथ, हिरवं.

"बेकरी सोडली तर शहर बरोबर आहे. डोंगर तर काट्यावर तोललेला. आणि इथे प्रत्येक टप्पा..." तो थांबला.

"चुकलाय. म्हणा की."

"जिभेवर येत नाही."

"पुस्तक बंद होईल."

"मी..." त्याने टोपणासारखं काहीतरी बोटांत फिरवत म्हटलं, "अहवालात नाही लिहिलं तर? तुम्ही सांगाल तसं."

क्षणभर मला वाटलं, हो म्हणावं. मग मी म्हणाले, "बाबांच्या पुस्तकात खोटं घातलं तर बाबा मला घरात घेणार नाहीत."

घरात घ्यायला आता कुणी नव्हतं. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि तो त्यावर काही बोलला नाही, हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या अंगणात त्याने बाबांची सायकल उलटी केली होती. साखळीला तेल देऊन झालं आणि त्याने सहज पुढचं चाक फिरवलं. टक्. टक्. टक्... मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. तो आवाज कानात गेला आणि मी अकरा वर्षांची झाले.

"हे मीटर माझ्या सायकलला होतं," मी म्हणाले.

त्याने चाक धरलं. "काय?"

"नदीच्या वर्षी. मला ही टकटक हवी होती. हट्ट धरला, रात्री जेवले नाही. सकाळी बाबांनी ते आपल्या चाकाचं काढून माझ्या चाकाला लावलं. रोज संध्याकाळी मी आकडा वाचायचे आणि वहीत..."

"तुमची सायकल किती इंची?"

"चोवीस."

"ही सव्वीस." तो मातीत मांडी घालून बसला आणि काडीने हिशेब मांडू लागला. "मीटर सव्वीस इंची चाकासाठी बनवलेलं. त्याला काय माहीत, चाक लहान आहे म्हणून! दर फेऱ्याला ते मोठा फेरा समजणार... बारा चाललात की तेरा दाखवणार. सगळीकडे, एकाच प्रमाणात!" त्याने वर पाहिलं. चेहरा नुसता उजळला होता. स्वतःचं पुस्तक हातातून निसटत असताना इतका आनंदलेला माणूस मी पाहिला नव्हता. "पुस्तक बिघडलेलं नाही हो. फक्त लहान चाकावर मोजलंय. एका दुपारचं काम आहे, आकडे बदलले की झालं."

मी कप खाली ठेवला. त्याने मान दुसरीकडे वळवली आणि चाक पुन्हा फिरवलं, जोरात. त्या टकटकीत मला हवं तेवढं रडून घेता आलं.

"दुसऱ्या आवृत्तीपासून प्रस्तावनेत एक वाक्य आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. त्याला ते पाठच होतं. "'नदीकाठी पुढचा पूल नेहमी लवकर येतो.'"

"म्हणजे त्यांना कळलं होतं."

"कळलं असणार."

"मग आकडे का नाही बदलले? बाबा तर स्वल्पविराम चुकला तरी अस्वस्थ व्हायचे."

"वहीत अक्षर कुणाचं होतं?" तो म्हणाला.

त्या दुपारी लॉजच्या टेबलावर नवे आकडे मीच लिहिले. तेरा खोडून बारा. सातचं शेपूट अजून तसंच येतं. त्याने अहवाल लिहून धाडला : पाचवी आवृत्ती काढावी.

"तुमचं पुस्तक गेलं की," मी म्हणाले.

"गेलं. वाईट वाटायची वाट बघतोय सकाळपासून."

"आणि ते प्रस्तावनेतलं वाक्य? आता अंतर बरोबर झालं. पूल लवकर येणार नाही. काढावं लागेल."

"थांबा. तपासल्याशिवाय कसं काढायचं?"

शेवटचा टप्पा राहिला होता. बारा किलोमीटर, नव्या आकड्यांप्रमाणे. आम्ही निघालो. वारा पाठीवर होता, तरी दोघांचेही पाय कमालीचे जड. एकदा तो बगळा दाखवायला थांबला. एकदा माझ्या साखळीला काहीतरी झालं असावं अशी मला शंका आली. त्याने ती पाऊण तास दूर केली. मग आपापल्या आत्यांबद्दल बोलणं निघालं. त्याला आत्या नव्हती, म्हणून मी माझी अर्धी देऊ केली. "अर्धी फोनवर कशी वाटते, ते आधी ऐकवा," म्हणाला.

वळण संपलं आणि समोर पूल उभा.

"आलासुद्धा?" तो तक्रारीच्या सुरात म्हणाला.

मी मीटर पाहिलं. "बारा. मोजून."

"इतक्यात कसे होतील?"

"तपासनीस... वाक्य काढू की राहू दे?"

त्याने एक पाय जमिनीवर टेकला. हँडलकडे बघत बसला. कान पुन्हा लाल.

"उतरा," मी हळूच म्हणाले, "लाजू नका."

तो उतरला. "राहू दे," म्हणाला. "बाकीच्यांचं माहीत नाही. तू सोबत असलीस की पूल लवकरच येणार माझा. जन्मभर."

'तू' म्हणून गेल्याचं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पाण्यावरून वारा आला. मला वाटलं, हे बाबांना सांगायला हवं... आणि या वेळी त्या वाटण्याने छातीत कळ आली नाही, नुसतंच वाटलं.

मी सायकल वळवली, आलो त्या दिशेला.

"कुठे?" तो घाबरून म्हणाला.

"एका मोजणीवर कसा विश्वास ठेवायचा?" मी म्हणाले. "चल."

टक्. टक्. टक्. मागून त्याच्या चाकांचा आवाज जवळ येत गेला.