सूचीतलं पान बेचाळीस

“आमची माहितीपुस्तकं तयार करणाऱ्या मावशींना सोमवारपासून घरी बसवायचं ठरलंय,” कंपनीच्या मालकीणबाई म्हणाल्या. “त्याआधी तुम्ही एकदा बघा.”

वहिनींनी मान डोलावली. असे गुंते सोडवणं हाच त्यांचा पेशा. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, पिशवी सांभाळायला आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घ्यायला सोबत असत.

कंपनी संगणकावर लिहिण्याचा एक प्रोग्राम विकत असे. त्याच्या माहितीपुस्तकात बेचाळिसाव्या पानावर धोक्याची सूचना होती: फाइल उघडी असताना तिचं नाव बदललं, तर आतलं सगळं पुसलं जातं. नव्या आवृत्तीत ती छापलीच गेली नाही. त्यामुळे एका निवृत्त शिक्षकांचा बारा वर्षं रचलेला शब्दकोश पुसला गेला.

प्रोग्रामरनं पुस्तकाची मूळ फाइल पडद्यावर दाखवली. सूचनेच्या आधी एक खूण, नंतर एक. “या दोहोंमधला मजकूर छापला जात नाही. बदलाची नोंद मावशींच्या नावावर आहे. पण त्यांचा पासवर्ड त्यांच्या पडद्यालाच चिकटवलेला असतो. कुणीही वाचावा.”

“दोष तुमच्या प्रोग्रामचा,” भाऊजी म्हणाले. “झाकावासा वाटला असेल.”

“सूचना मीच लिहायला लावली होती. नव्या पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत तिची ओळ अजून आहे, बघा. सूची मावशी हातानं करतात. एक ओळ हलली तरी आधी सूची दुरुस्त करतात. मशीनकडून करून घ्यायला मी दोन वर्षं डोकं फोडलं, जमलं नाही.”

विभागप्रमुख मावशींच्याच हाताखाली तयार झालेला. “वय झालं त्यांचं. खुणा दुरुस्त करताना एखादी चुकून पडली. प्रोग्राममधला हा दोष दूर झाल्याचं मी मालकीणबाईंना लेखी दिलं होतं, तो अजून आहे हे मला कुठे ठाऊक?”

“खुणा घातल्यावर पुढे काय?” वहिनींनी त्याला विचारलं.

“पुढे काही नाही. पानं, सूची, सगळं मशीन आपोआप करतं.”

मावशी चष्मा पुसत बसल्या होत्या. “नोंद माझ्या नावावर आहे ना? मग झालं.”

वहिनींनी सगळ्यांना एकत्र बोलावलं.

“चुकून पडलेली खूण एकटी असते. तिनं पुढचं अख्खं प्रकरण गिळलं असतं. इथे सूचना संपताच दुसरी खूण आहे, म्हणजे काम मुद्दाम केलेलं. मावशींनी केलं असतं, तर सूचीतली ओळही गेली असती. प्रोग्रामरनाही सूची हातची असते हे पक्कं ठाऊक. ती आपोआप बदलेल असं मानणारा इथे एकच. आणि ती सूचना छापली असती, तर त्याचं लेखी खोटं ठरलं असतं.”

प्रमुखानं मान खाली घातली. मालकीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

“सूचीच्या धड्याआधीच याला बढती मिळाली,” मावशी म्हणाल्या.

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं?” भाऊजी चकित झाले.

“पहिल्याच दिवशी. वाटलं, स्वतःहून सांगेल.” त्यांनी पडद्यावरचा पासवर्डचा कागद सोलून काढला. “हा यानंच चिकटवला होता. म्हणाला, मावशी, तुम्ही विसराल.”

मग त्यांनी दोन्ही खुणा पुसल्या. सूचना जागेवर आली. शिक्षकांना कळवायला हवं, असं कुणीतरी म्हणालं. काय कळवायचं, ते कुणालाच सांगता येईना.