तो आला की जाते

दिवा जरा इकडे सरकवा. लाईट एवढ्यात येत नाही, इथे संध्याकाळी असंच असतं. तुम्ही मुक्कामाला आलेले, उद्या निघून जाल, म्हणून तुम्हाला सांगतो. घरी हे सांगता येत नाही.

मी पहिल्यांदा इथे आलो ते अगदी साध्या कामाला. या लॉजच्या मागे हॉल आहे ना, त्याचं बुकिंग रद्द करायचं होतं. माझ्या ताईच्या लग्नाचं रिसेप्शन तिथे आहे. परवा. म्हणजे, होतं. ताई जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. बाबा म्हणाले, "फोनवर असलं सांगू नये. जाऊन सांगून ये."

ताई कशी गेली तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी गॅरेजमध्ये काम करतो. शाळा चौथीत सुटली. अक्षरं ओळखतो, पण वाचायला वेळ लागतो, आणि लोक बघत असले की तेवढंही येत नाही. ताईचं लग्न ठरलं तेव्हा नवरदेवाकडे जेवण होतं. प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी. मी बिनधास्त जाऊन नवरदेवाच्या काकांच्या खुर्चीवर बसलो. काका उभेच. कुणीतरी म्हणालं, "मेव्हण्याला एक चष्मा घेऊन द्या रे!" सगळे हसले. मी ताट सोडून निघून आलो.

म्हणून ताईने ठरवलं की रिसेप्शनला माझ्या चिठ्ठीवर नाव नको, पाना काढायचा. नट खोलायचा पाना. मी गॅरेजला लागल्यापासून माझ्या डब्यावर, हेल्मेटवर ती तोच काढायची. चित्रकला यथातथाच. एकदा मी म्हटलं, "हा पाना आहे की मासा?" तेव्हापासून ती मुद्दाम त्याला डोळा काढायला लागली. डोळा असलेला पाना. ही खूण आम्हा दोघांनाच कळायची.

त्या मंगळवारी सकाळी ती म्हणाली, "चल, हॉलवर जाऊन खुर्च्यांचं ठरवून येऊ." मला ते जेवण आठवलं आणि डोकं फिरलं. म्हटलं, "मी रिसेप्शनलाच येणार नाही. जा एकटी." तिची दाढ दुखत होती, गालात लवंग धरली होती. स्कूटरला किक मारत म्हणाली, "अक्कलदाढ आहे ही. तुला आलीच नाही, म्हणून तुझं बरंय."

तिच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द 'एकटी'.

अर्ध्या तासात माझा राग उतरला. बाईक काढून मागे निघालो. घाटात अकराव्या वळणावर गर्दी होती. ट्रक आडवा होता. साडेदहा वाजले होते. ताई वर जात होती, वर पोचलीच नव्हती. एवढं नीट लक्षात ठेवा.

तर अठरा दिवसांनी दुपारी तीनच्या सुमारास मी इथे आलो. धुकं इतकं उतरलं होतं की लॉजची पाटी दिसायच्या आधी लॉजच्या मावशी दिसल्या. पायरीवर बसून उशांना अभ्रे घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलास एकदाचा! तूच ना तो तापट भाऊ?"

मी मान हलवली. यांना काही माहीत नाही, हे लगेच कळलं.

"दिवसभर वाट बघायला लावलीस रे तिला. त्या मंगळवारी अकराला आली. सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या, एकेका खुर्चीवर ठेवल्या. जेव म्हटलं तर नको, दाढ दुखतेय म्हणाली. चहा तेवढा नेऊन दिला. नंतर बघते तर तोही तसाच."

"कुठल्या... कुठल्या मंगळवारी?"

"घाटात अपघात झाला नाही का, त्या. दुपारपर्यंत रस्ता बंद होता. मी तिला म्हटलंसुद्धा, बरं झालं बाई, तू आधीच वर आलीस."

मावशींचे अभ्रे चाललेच होते.

"तिन्हीसांजेला म्हटलं, निघ आता. तर म्हणते, भाऊ मागून येतोय. रागावलाय, पण दूध आहे नुसतं. उतू जातं आणि लगेच खाली बसतं. तो आला की जाते." मावशींनी अभ्रा झटकला. "मी टोकलं तिला. जाते काय गं, येते म्हणावं. नुसती हसली."

ताई कधीच 'जाते' म्हणायची नाही. मी चुकून 'जातो' म्हटलं तर पाठीत धपाटा घालायची.

"मग... गेली कधी?"

"जाताना नाही दिसली. दिवे लावून आले तर कुणी नाही. स्कूटरचा आवाजही आला नाही. माझे कान गेलेत म्हणा आता." त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली. "जा, बघून ये. मी झाडूसुद्धा मारला नाहीये, तिने लावलेलं हलायला नको."

मी कुलूप उघडलं. दार आत ढकललं आणि उंबऱ्यावरच थांबलो. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना टेबलं, पांढऱ्या चादरी, प्रत्येक खुर्चीवर दुमडलेली चिठ्ठी. जमिनीवर धुळीचा सारखा थर, त्यात एकही पाऊल नाही. बंद खोलीचा कुबट वास यायला हवा होता. लवंगेचा येत होता. ताजा, आत्ता चावल्यासारखा.

पार शेवटच्या टोकाला, खिडकीखाली, एका खुर्चीवरची चिठ्ठी उघडी होती. लांबूनही मला दिसलं. मला वाचता येत नाही, पण तो डोळा ओळखता येतो. तिच्या शेजारची खुर्ची थोडी मागे ओढलेली होती. कुणीतरी बसलं की ओढतात, तेवढीच.

मला धावत आत जायचं होतं. ताई म्हणून ओरडायचं होतं. पाय उचललाही होता... आणि तिचं बोलणं आठवलं. तो आला की जाते.

म्हणजे मी आत गेलो तर ती जाणार. आणि नाही गेलो तर थांबणार. कळतंय ना तुम्हाला? मी पाय मागे घेतला. दार लावलं. मावशींना म्हटलं, "छान झालंय. असंच राहू द्या." घरी बाबांना सांगितलं, रद्द करून आलो.

रात्री आईने ताईचं ताट चुकून घेतलं आणि तसंच परत ठेवलं. मला वाटलं सांगावं, ती आहे, वर बसलीय. नाही सांगितलं.

आठवड्याने परत आलो. किल्ली मावशींकडेच होती, धूळ तशीच. पण पान्याची चिठ्ठी हॉलच्या मध्यावर होती, आणि तिच्या शेजारची खुर्ची मागे ओढलेली. खिडकीखालच्या दोन्ही खुर्च्या टेबलाला नीट लावलेल्या. मी उंबऱ्यावर बसून राहिलो, अंधार होईपर्यंत. गॅरेजमधलं सगळं सांगितलं तिला. माफही कर म्हटलं. लवंगेचा वास तेवढा येत राहिला.

आज तिसरी खेप. आज मावशींना खरं सांगायचंच होतं, परवाची तारीख आहे. पण आधी दार उघडलं. चिठ्ठी दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर होती. माझ्यापासून हातभर. पान्याखाली आज काहीतरी लिहिलेलं होतं. एकच अक्षर. एक अक्षर मलाही वाचता येतं.

ये.

मी विचार करायला हवा होता. मी कधी करत नाही. पाय बाहेरच ठेवले आणि हात लांब करून चिठ्ठी उचलली. त्याबरोबर शेजारची खुर्ची करकरली. कुणी उठल्यावर करकरते तशी. माझ्या बाहीला वारा लागला, आणि पुढच्या क्षणी हॉलमध्ये कुबट वास होता. फक्त कुबट.

मावशींना सांगून टाकलं मग. त्या तेव्हापासून आत स्वयंपाकघरात बसल्यात, दिवाही लावला नाही. मी बाहेर येऊन इथे तुमच्याजवळ बसलो.

मला एवढंच विचारायचंय. नुसता हात आत गेला, तर मी आलो असं होतं का? ती गेली का? कारण वास... वास माझ्या शर्टाला येतोय. तुम्हाला येतोय? नाही ना.

असो. निघायला हवं, अकरावं वळण पुरता अंधार पडायच्या आत ओलांडलेलं बरं. दिवा जरा वर धरा, माझी बाईक ती समोर. मागची फुटरेस्ट मी कायम दुमडलेली ठेवतो, गॅरेजवाल्याची सवय. दुपारी लावली तेव्हा दोन्ही दुमडलेली होती, मी हाताने तपासली होती.

बघा. डाव्या बाजूचं उघडलंय. तेवढंच एक. ताई कायम एकाच बाजूला पाय सोडून बसायची.

राहू द्या, हात नका लावू. मी ते दुमडणार नाही.