नदीत घेतलेलं नाव

मी माग चालवते. मिसिसिपीकाठच्या या नॉवू गावात आले तेव्हा विधवा होते, अजूनही आहे, आणि भुताखेतांच्या गोष्टी घेऊन येणाऱ्या बायकांना मी दारातूनच वाटेला लावते. तेव्हा हे मी तिखटमीठ लावून सांगतेय असं कुणी समजू नये.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर व्हरमाँटहून चुलत बहिणीचं पत्र आलं. माझ्या धाकट्या भावाला छातीचा ताप भरला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. 'हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तो नसेल,' असं तिनं लिहिलं होतं. आईमागं त्याला मीच वाढवला. तो काही आमच्या मॉर्मन पंथात आला नाही. आमच्या प्रेषिताला टेकडीत सापडलेल्या, धर्मग्रंथ कोरलेल्या सोन्याच्या पत्र्यांचा विषय निघाला की त्याला हसू फुटायचं. असा माणूस बाप्तिस्मा न घेताच गेला, आता कुठे भटकत असेल, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर राहिना.

आमच्याकडे त्यावर तोड आहे. मेलेल्याच्या नावानं जिवंत माणसानं नदीत बुडी घ्यायची, की त्याला वरचं दार उघडतं. पण गावात कुणकुण होती, प्रेषित आता नदीतलं बंद करणार, मंदिराच्या तळघरात कोरीव लाकडी बैलांच्या पाठीवरचा हौद तयार झाला की सगळं तिथेच. तो कधी होणार, देव जाणे. तो गेल्याचं कळवणाऱ्या दुसऱ्या पत्राची वाट बघायला हवी होती. मी बघितली नाही. शनिवारी भर दुपारी मिसिसिपीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. ब्रदर टिडवेलनी माझं मनगट धरलं, भावाचं पूर्ण नाव सावकाश उच्चारलं, 'जो मेला आहे' असं म्हटलं आणि मला पाठीवर आडवं करून बुडवलं. वर काढताना त्यांना चांगलीच धाप लागली.

"सिस्टर परमिलिया, दिसता तेवढ्या हलक्या नाही हं तुम्ही!"

काठावरची माणसं हसली. कारकुनानं नाव वहीत लिहिलं. मी घरी येऊन पोटभर रडले आणि कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

नोव्हेंबरात एका सकाळी मी सूत भरत बसले होते. दारातून कुणीतरी म्हणालं, "ताई, काही खायला आहे का, की तुमच्यात थेट स्वर्गातच पंगत बसते?"

तोच होता. वाळलेला, पण हाडामांसाचा. मी आधी त्याला एक चापट दिली, मग मिठी मारली. अंग बर्फासारखं गार होतं. बोटीवर फार थंडी होती, असं तो म्हणाला.

मी घडलं ते सांगितलं, तर गडी पोट धरधरून हसला. "म्हणजे मी मेलोही, आणि वर धर्मालाही लागलो! अगं, मला विचारायचंस तरी!" मग त्यानं कुठला दिवस ते विचारलं. मी सांगितलं. त्याचं हसू थांबलं. त्याच शनिवारी दुपारी त्याचा ताप उतरला होता. उतरण्याआधी तो घमेलंभर पाणी ओकला होता. गढूळ पाणी, तळाशी रेती.

"आपल्या विहिरीत कुठे रेती आहे, ताई?"

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. वाटलं, वाचवलं मी याला.

दुसऱ्या दिवशी त्याला शेजारच्या हल्डा बिंगलीकडे नेलं. ती भोपळा चिरत होती. हा माझा भाऊ, मी म्हटलं. तिनं मान हलवली, त्याच्याशी थोडं बोललीसुद्धा. मग सुरी खाली ठेवून मला म्हणाली, "एवढ्या थंडीत एकटीच कशाला आलीस गं?" तो माझ्या शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता.

"फार शिष्ट आहेत तुमच्या गावच्या बायका," बाहेर आल्यावर तो पुटपुटला.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं नदीपार जाताना नावाड्यानं तेच विचारलं. "एकट्याच?" या वेळी भावानं चेष्टा केली नाही.

मी चुलत बहिणीला खरमरीत पत्र लिहिलं, जिवंत माणसाला मारून मोकळी होतेस म्हणून. उत्तर जानेवारीत आलं. 'भाऊ कुठला? तू तर काकांची एकुलती एक. तब्येत बरी आहे ना?' त्यानं ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

"चेष्टा करतेय ना ती, ताई?"

"करत असेल," मी म्हटलं. तिला चेष्टा करता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी त्याला तसाच ओढत कारकुनाकडे नेला. म्हटलं, ते नाव खोडा. कारकून म्हणाला, "इथे लिहिलेलं तिथे वरही लिहिलं जातं, सिस्टर. खोडणारा मी कोण?"

"पण तो जिवंत आहे! हा काय, माझ्या बाजूला उभा आहे!"

कारकुनानं माझ्या बाजूला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हलक्या आवाजात विचारलं, हिवताप तर नाही ना भरला?

त्या दिवसापासून भाऊ जेवेनासा झाला. मक्याची भाकरी ताटात तशीच राहायची. चुलीजवळ बसून एकदा म्हणाला, "तू माझं नाव घेत जा. तू हाक मारलीस की हातांना जरा ऊब येते." मग मी मागावर बसले की प्रत्येक धोट्याला त्याचं नाव घ्यायची. सूत तुटलं आणि मी थांबले, की मागून आवाज यायचा, "म्हण ना, ताई." मला त्या आवाजाची भीती वाटायला लागली होती, आणि तो बंद पडेल याची त्याहून जास्त.

मार्चमध्ये मला खरोखरच हिवताप आला. तीन दिवस दात वाजत होते, त्याचं नाव घेणं राहूनच गेलं. कपाळावर एक गार हात होता, एवढंच आठवतं. चौथ्या दिवशी ताप उतरला.

रविवारी दुपारी ब्रदर टिडवेल सूप घेऊन आले. खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "एकट्या राहता, काळजी वाटते. तुमचं माहेरचं कुणीच नाही का? आणि हो, त्या दिवशी नदीत कुणासाठी उतरला होतात? नाव काही केल्या आठवेना."

"माझ्या भावासाठी," मी म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं.

आईचं नाव आठवलं. बापाचं आठवलं. लहानपणीच्या कुत्र्याचंही आठवलं.

टिडवेल वाट बघत होते.

मी चुलीकडे बघितलं. तिथे कुणी दिसलं नाही.

"सिस्टर?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

तेव्हा चुलीजवळून, अगदी हळू, तो म्हणाला, "असं नको करू, ताई. मलाही आठवत नाहीये."