रिकाम्या रथातला भार

आमोन देवाची शपथ घेऊन सांगतो, यातला एक शब्दही खोटा नाही.

परवा भर दुपारी, थारूच्या किल्ल्यामागच्या मैदानात पहिल्यांदा दिसलं.

मी इपी. रथातून बाण मारतो. माझा सारथी सेनबी कनानच्या लढाईत भाला लागून मेला. घोडे मला आणि रथाला घेऊन परत आले. आता नवा सारथी दिलाय, खाय नावाचा.

पहिल्या दिवसापासून रथ डावीकडे ओढतोय.

"लगाम नीट धर की!"

"धरलाय! तुझे घोडेच ऐकत नाहीत!"

सुताराने चाकं काढून पाहिली. "रथ ठणठणीत आहे. डोकी तपासून घ्या आपली."

वैतागून मी पथकाच्या नायकाकडे दुसरा रथ मागितला.

"मोहीम तोंडावर आलीय आणि तुला नवा रथ हवाय? लग्नाला निघालायस का रे?"

सगळे हसले.

परवा सरावानंतर घोडे सोडले. रथ रिकामा होता.

आमच्या रथाचा तळ चामडी पट्ट्यांनी विणलेला असतो. माणूस चढला की दबतो.

तो डावीकडे दबलेला होता...

दोन पावलांच्या ठशांएवढा.

सेनबी तिथेच उभा राहायचा.

मी खालून हात घालून पट्टे वर ढकलले. हात काढला...

परत दबले.

"खाय, हे बघ!"

"पट्टे सैल झालेत, इपी. जेवून घे चल."



काल पुन्हा सराव. रथ भरधाव. मी धनुष्य ताणलं, तेवढ्यात खाय किंचाळला.

त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

"लगाम का सोडलास, गाढवा?"

"मी नाही सोडला... कुणीतरी काढून घेतला!"

लगाम खाली पडला नव्हता. आमच्या दोघांच्या मधे, हवेत, ताठ ताणलेला होता...

खायने उडी मारली. पाय मोडला.

रथ सरळ धावत राहिला. बाण मारताना हवा तसा, अजिबात न हलता.

मी सगळं नायकाला सांगितलं. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. तो म्हणाला, "भित्रा सारथी, आणि तू त्याला पाठीशी घालतोस. आता कोणी शिल्लक नाही. तुझा तूच हाक."

मला रथ हाकता येत नाही. हेही ओरडून सांगितलं.

आज निघायचंय. सकाळी पागेत आलो, तर माझे घोडे आधीच जुंपलेले...

कोणी जुंपले? सगळ्यांना विचारलं. कोणीच कबूल होत नाही.

बाहेर कर्णा वाजतोय. नायक माझ्या नावाने शिव्या घालतोय.

चढायला पाय उचलत नाही.

आणि घोडे माना वळवून माझी वाट बघतायत...