सांगून काढलेला चेहरा

बन्सी पेंटर निमोण्याला निघाला तेव्हा त्याच्या मनात भलतंसलतं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लोक मागाहून म्हणतात, त्याला म्हणे आधीच काहीतरी जाणवलं होतं. कसलं जाणवतंय डोंबलाचं! दौंडच्या स्टँडवर शिरूरची एसटी तासभर उशिरा होती, एवढंच त्याला जाणवत होतं. काखेत लाकडी फळी, पिशवीत कागदाची सुरळी, कोळशाच्या काड्या, आणि शेजारच्या बानूबाईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी. साल चौऱ्याहत्तरचं, माघ महिना, ऊन अजून कोवळं.

एरवी बन्सी ट्रकच्या फाळक्यावर मोर काढायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पण आसपासच्या तालुक्यांत त्याचं नाव होतं ते निराळ्याच कामासाठी. खेड्यातली माणसं तेव्हा फोटो काढून घेत नसत. आयुष्य घटतं म्हणत. मग माणूस गेलं की घरच्यांचे डोळे उघडायचे. वर्षश्राद्धाला भिंतीवर तोंड तर पाहिजे ना! अशा घरी बन्सीला बोलावणं यायचं. भर दुपारी अंगणात तो फळी मांडीवर घेऊन बसायचा, भोवती सगळी भावकी, आणि जो तो सांगायचा. नाक जरा बसकं, कपाळ मोठं, कानाच्या पाळ्या लोंबत्या. बन्सीनं जन्मात न पाहिलेला माणूस हळूहळू सगळ्यांच्या देखत कागदावर यायचा. म्हाताऱ्या हात जोडायच्या, पोरी पदरात तोंड घालून रडायच्या.

त्याचा नियम एकच. चुकलं तर "न्हाई" म्हणायचं, आणि बरोबर आलं तर गप्प राहायचं. चारजण मधेच "व्हय व्हय" करायला लागले की त्याचा हात बिचकायचा. म्हणून गप्प म्हणजे होकार. सारा मुलूख हे जाणून होता.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्याच्या स्वतःच्या घरात बायकोचं चित्र नव्हतं. अंजना दुष्काळात गेली, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडताना ऊन लागून. जिवंतपणी हा म्हणायचा, बस की समोर घटकाभर. ती म्हणायची, "मी काय मेलेय व्हय?" आणि हसत सुटायची. आता दोन वर्षांत तिचा चेहराच बन्सीच्या हातून निसटत चालला होता. नाक आठवलं तर हनुवटी जायची. हनुवटी धरून ठेवली तर डोळे जायचे. त्यानं किती कागद फाडले, त्याला गणती नाही. शेजारच्या बानूबाईला विचारलं असतं तर तिनं घडाघडा सांगितलं असतं. नऊ वर्षं दोघी एका ओट्यावर भांडी घासत होत्या. पण विचारायचं कोणत्या तोंडानं? साऱ्या गावांची मेलेली माणसं काढतो, आणि स्वतःची बायको विसरला? लाज वाटायची त्याला. तो मनातल्या मनात रोज झुरायचा आणि बाहेर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. ह्या लाजेनंच त्याचा घात केला, असं माझं मत आहे.

तर निमोण्याला साहेबराव म्हणून एक शेतकरी. घराणं मूळचं मेंढरं राखणारं, आता विहीर पाडून ज्वारी-कांदा करणारं. त्याची आई बयाबाई, तिचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलेलं. अंगणात घोंगडी अंथरली होती. एका अंगाला बाप्ये बसले, दुसऱ्या अंगाला बायका. मागं भिंतीला लागून कडब्याची गंजी रचलेली.

"च्या घेता का आधी, पेंटर?" साहेबरावानं विचारलं.

"असू द्या. उजेड हाय तवर हात चालतो."

सांगणं सुरू झालं. "आईचं कपाळ अरुंद हुतं." "गोंदण हुतं भुवयांच्या मधी." बन्सीनं कोळसा टेकवला. ऊन पाठीवर येत होतं. छपरावर पारवे घुमत होते, एकसारखे, संथ. कडब्याचा गोडसर वास नाकात भरत होता. दुपारी जेवून आडवं झाल्यावर डोळे जड होतात ना, तसं त्याला वाटायला लागलं. माणसांचे आवाज लांब लांब गेले.

मग गंजीआडून कुणीतरी बाई बोलली. अगदी हळू. निजलेल्याच्या कानाशी बोलावं तशी.

"भुवया जरा जवळ आणा..."

बन्सीनं आणल्या. "अशा?"

"व्हय... आता वठ. पातळ."

त्याच्या नियमात "व्हय" बसत नव्हतं. पण हात बिचकला नाही, उलट सैल झाला, आपोआप फिरायला लागला. कुठून तरी गार हवा आली, उपसा बंद पडलेल्या जुन्या विहिरीसारखा वास घेऊन.

"डोळं खालतीच ठेवा... आत्ता नगं वर बघायला. मान लांब. लांब... व्हय."

"केस?"

"मोकळंच ऱ्हाऊ द्या."

भोवती सगळे गप्प होते. गप्प म्हणजे होकार. बन्सीला आनंद होत होता. कसला, ते त्याला कळत नव्हतं. शेवटची रेघ ओढून त्यानं फळी लांब धरली.

अंजना. तीच! अहो, दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव तळमळला ते तोंड नाकाडोळ्यासकट समोर होतं. त्याला रडूच कोसळलं.

डोळे पुसून त्यानं वर पाहिलं तर ऊन पार भिंतीवर चढलं होतं. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. घोंगडी रिकामी. सगळी माणसं उठून लांब ओसरीला चिकटून उभी होती.

"पेंटर..." साहेबराव तिथूनच म्हणाला. "ही कोण?"

"चुकलं तर न्हाई म्हणायचं हुतं की! तुम्ही तर सगळे गप्प..."

"गप्प न्हाई बसणार तर काय करणार? तुम्ही बोलत कुणासंगं हुता?"

"त्या गंजीआडच्या बाईसंगं."

सगळ्यांच्या माना गंजीकडं वळल्या. मग साहेबराव म्हणाला, "गंजीच्या मागं भिंत हाय, पेंटर. बोटभर बी फट न्हाई."

बन्सीनं जाऊन पाहिलं. कडबा भिंतीला घट्ट दाबून रचलेला होता. मांजर शिरलं नसतं.

त्यानं दुसरा कागद लावला. ह्या खेपेला लोक उभ्यानंच सांगत होते, भराभर. पाऊण तासात बयाबाई गोंदणासकट कागदावर आली. साहेबरावानं ते चित्र छातीशी धरलं आणि लहान लेकरासारखा हुंदके देऊन रडला. काम तर झालं. बन्सी पहिला कागद सुरळी करून पिशवीत घालायला लागला, तोच पार्वतीबाई पुढं आली. ती बयाबाईची धाकटी बहीण, पण तीही सत्तरीची.

"लेकरा, त्यो कागुद घरी नेऊ नगंस. वाटंत भीमा लागंल. सोडून दे पाण्यात."

"मावशी, माझी बायको हाय ती."

"कशावरनं?"

"म्हंजी? सोताच्या बायकूचं तोंड मला ठावं नसंल व्हय?" बन्सी ताडकन बोलला खरा, पण बोलताना त्याचे कान तापले.

म्हातारीनं त्याच्या पिशवीवर हात ठेवला. "मेल्यावर जिच्या तोंडाला भिंत मिळत न्हाई ती आसं कुणाच्या तरी हातनं शिरती, बाबा. तिला रिकामी जागा लागती," ती म्हणाली, आणि पदर सावरत घरात गेली.

दिवेलागणीला एसटी भीमेच्या पुलावर आली. बन्सीनं सुरळी बाहेर काढली, हे खरं. खिडकीतून हातही बाहेर घातला. खाली पाणी काळंशार, संथ. पण बोटं सुटेनात. दोन वर्षं रोज थोडी थोडी मरत होती ती बाई त्याच्या डोक्यात, आणि आता ती पुरती हाती लागली असताना पाण्यात टाकायची? म्हातारीच्या बोलण्यावर विश्वास ठेवून? छे! त्यानं कागद परत पोटाशी धरला. त्या रात्री दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली.

सकाळी त्यानं चित्र दारासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. बानूबाई नेहमीसारखी भाकरीचं ताट घेऊन आली, तर हा उंबऱ्यातच तिची वाट बघत उभा.

"वहिनी, बघा कोण आलंय!"

बानूबाईनं ताट ओट्यावर ठेवलं, पदराला हात पुसले, आत डोकावली. बराच वेळ बघितलं.

"कोण हो ही?"

"कोण म्हंजी? अंजना!"

"न्हाई वं भावजी." तिनं बन्सीच्या तोंडाकडं काळजीनं बघितलं. "अंजी न्हवं ही. आवं, अंजीचं तोंड वाटोळं गरगरीत. हसली की डाव्या गालाला खळी पडायची. नाक तर इतकं बसकं, की मी तिला चिडवायची, नथ कुठं अडकवतीस म्हणून."

बन्सीनं डोळे मिटले. वाटोळं तोंड आणायचा प्रयत्न केला. खळी आणायचा प्रयत्न केला. आली ती लांब मान, पातळ ओठ, खाली वळवलेले डोळे. पहिल्यांदाच त्याला भीती वाटली.

"वहिनी," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांचं सगळं भडाभडा बाहेर पडलं. "मला तिचं तोंड आठवत न्हाई. दोन वर्षं झाली... मला कायसुदिक आठवत न्हाई."

"आन् इतकं दिस मूग गिळून बसला व्हय!" बानूबाईचे डोळे भरून आले. "घ्या कागुद. बसा हितं उन्हात. म्या सांगते. माझ्या डोळ्यापुढं हाय माझी अंजी."

तो ओट्यावर बसला, पाठ दाराकडं. ती समोर जोत्याला टेकली. फाटकाजवळ मालगाडीची शंटिंग चालली होती. "तोंड वाटोळं," ती म्हणाली. त्यानं वाटोळं काढलं. "डाव्या गालाला खळी." खळी आली. त्या खळीत खरोखर काहीतरी हसत होतं. ती येत होती, घरी येत होती.

"नाक?" त्यानं विचारलं.

त्याच्या खांद्यावरून, उघड्या दारातून बानूबाई आतल्या चित्राकडं बघत होती.

"वहिनी, नाक?"

"नाक... सरळ."

"मघाशी बसकं म्हणाला तुम्ही."

"न्हाई, सरळच हुतं. आन् तोंड बी जरा लांबट करा की. मान बी."

"वाटोळं म्हणाला ना! गरगरीत म्हणाला!"

"म्या? कवा?"

बन्सीनं कोळसा खाली टाकला. तिचे दोन्ही खांदे धरून तिला आपल्याकडं वळवलं. "तिकडं बघू नका. वहिनी, माझ्याकडं बघा... अंजना कशी हुती? तुम्हाला ठावं हाय. तुम्हाला एकलीलाच ठावं हाय आता..."

बानूबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती की काळजी नव्हती. आजारी माणसाची समजूत घालावी तशी ती हसली आणि तिनं आतल्या भिंतीकडं बोट केलं.

"अशीच की. असं काय करताय भावजी? काल दुपारी तर भेटली मला, तुमच्या दारात. पाणी मागितलं, तांब्याभर दिलं, घटाघटा प्याली. म्हणली, बानूताई, लई दिस बाहीर काढलं. आता हे मला वळखत्याल."